नळाची चावी कोणाकडे आहे?

मी हिशेबाच्या कामातली बाई. झाडाझुडपांतलं मला काडीचं कळत नव्हतं. मुलगी तिसरीत असताना, १२ जुलै २०२३ ला, पालकसभेत शाळेच्या मागच्या पडीक तुकड्याचा विषय निघाला. तिथे मोडकी बाकं, डबर आणि कमरेएवढं गवत होतं. "इथे मुलांना बाग करून दिली तर?" असं कोणीतरी म्हणालं, सगळ्यांनी माना डोलावल्या. सभेचं टिपण मी लिहीत होते, म्हणून बागही माझ्याच गळ्यात पडली.

मला वाटलं होतं, महिनाभरात बिया पडतील. पहिली बी पडली ९ डिसेंबरला. मधले पाच महिने कागदांत गेले. त्यांच्याबद्दल आधी कोणी सांगत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

पहिला अर्ज मी मुख्याध्यापिकाबाईंना दिला तो अगदी ओथंबलेला होता. हिरवाई, निसर्गाशी नातं, मातीचा वास, सगळं एका पानात. बाईंनी तो शांतपणे वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "छान लिहिलंय. पण पाणी कुठून घेणार? आणि उद्या तुमची बदली झाली तर याचं काय करायचं? ते कुठे दिसत नाही यात."

दुसरा अर्ज तीन पानी झाला. हाताने काढलेला नकाशा, नळ कुठे आहे, आठवड्याला पाणी किती लागेल, हत्यारं कुठे ठेवणार, कोणत्या वेळी कोण हजर असेल. शेवटी एक ओळ घातली : 'बाग बंद पडल्यास जागा मोकळी करून, सपाट करून परत देऊ.' पुढे ज्या ज्या टेबलावर तो अर्ज गेला, तिथे लोकांनी आधी हीच ओळ बोट ठेवून वाचली. तुम्ही अर्ज लिहायला बसलात तर आधी ती ओळ लिहा, हिरवाई मागाहून.

मोजणी केली तेव्हा कळलं की अर्धाच तुकडा शाळेचा आहे, कुंपणालगतची पट्टी स्थानिक प्रशासनाची. म्हणजे फायली दोन झाल्या. शाळेच्या समितीची बैठक दोन महिन्यांतून एकदा, आणि आमचा विषय विषयपत्रिकेवर शेवटचा, म्हणजे चहा आल्यावर लोक उठायला लागतात त्या वेळचा. पट्टीसाठीचा अर्ज ४ ऑगस्टला दिला आणि परवानगी १७ नोव्हेंबरला हातात पडली. १०५ दिवस. यात दोनदा "असा अर्ज आलेलाच नाही" हे ऐकून परत आले. तिसऱ्यांदा जाताना आमच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेऊन ठेवला होता, तेव्हा तो अर्ज पाच मिनिटांत सापडला. कागद कितीही फालतू वाटला तरी दोन प्रती काढा आणि पोचपावती घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नका.

परवानगीत अटी होत्या : पक्कं बांधकाम नाही, मुदत एक वर्ष, सोडायचं झाल्यास तीन महिन्यांची सूचना, पाण्याचा मीटर वेगळा. मीटरच्या अटीवर मी तेव्हा चिडले होते. आता वाटतं, बरंच झालं. आपण किती पाणी वापरतो ते आकड्यात दिसतं आणि शाळेच्या बिलावरून वाद होत नाही.

शेजारच्या घरांतून तीन हरकती आल्या : डास होतील, उंदीर येतील, वास येईल. मी आधी त्यांना लेखी उत्तर तयार केलं होतं, मग ते फाडलं आणि घरोघरी गेले. डासांच्या बाबतीत त्यांचं म्हणणं रास्तच होतं. उबदार हवेत डासाचं अंडं साचलेल्या पाण्यात पडल्यापासून डास उडेपर्यंत जेमतेम आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून बागेच्या पाण्याच्या पिंपाला घट्ट जाळी आणि दर शनिवारी पिंप रिकामं करून घासणं, हे मी त्यांच्यासमोर लिहून दिलं. त्यातल्या एका आजींचा विरोध अजून मावळलेला नाही. टोमॅटो मात्र नेतात.

मुलांच्या सुरक्षिततेचे कागद वेगळेच. प्रत्येक स्वयंसेवकाची ओळखपत्राची प्रत, मुलांसोबत कधीही एकटा मोठा माणूस नाही, किमान दोघं हवेत. मुलांचे फोटो काढायला पालकांची सही. मधमाशी चावल्यावर किंवा एखाद्या भाजीने कोणाला त्रास होतो का, याचा फॉर्म. एका बाबांना हा सगळा अविश्वास वाटला आणि ते निघून गेले. वाईट वाटलं, पण नियम ठेवला.

या वाट पाहण्याच्या दिवसांत दोन कामं झाली, ती नसती झाली तर बाग फसलीच असती. पहिलं ऊन. चौथीच्या मुलांनी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता सावलीच्या कडेने चुन्याच्या रेघा मारल्या. महिन्यातून दोनदा. आम्ही मनात वाफ्यांसाठी ठरवलेला कोपरा तीनच तास उन्हात होता. टोमॅटो, घेवडा अशा फळं-शेंगा धरणाऱ्या झाडांना निदान सहा तास थेट ऊन लागतं, पालेभाजी थोड्या कमीवर भागवते. तो कोपरा मग कंपोस्टला आणि बसायच्या ओंडक्यांना गेला.

दुसरं माती. तपासणीसाठी नमुना घ्यायचा तो एका जागचा नाही. नागमोडी चालत आठ-दहा जागी वरचा पालापाचोळा बाजूला करायचा, वीतभर खोल इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्यायचा आणि त्याच्या भिंतीची पातळ चकती काढायची. सगळी माती स्वच्छ कापडावर एकत्र करायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले मिसळून पुन्हा चार भाग, असं अर्धा किलो राहीपर्यंत. खताच्या रिकाम्या पोत्यात भरायची नाही, निकाल बिघडतो. नेहमीच्या तपासणीसोबत शिसंही तपासायला सांगितलं, कारण जागेवर जुन्या रंगाचे पोपडे असलेलं डबर पडलं होतं. जुन्या ऑइलपेंटात शिसं असायचं. अमेरिकेत घरांच्या रंगातून ते १९७८ मध्ये बाद झालं, पुष्कळ ठिकाणी त्याहून उशिरा. मुलं मातीचे हात तोंडात घालतात, त्यामुळे ही तपासणी टाळू नका. निकालाला तीन आठवडे लागले. शिसं मर्यादेत, सामू (म्हणजे पीएच) ८.१, थोडा अल्कधर्मी, सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा अंश, अगदी कमी. थोडक्यात, माती विषारी नव्हती, नुसती उपाशी होती. त्यात डबर एवढं की कुदळ मारली की ठिणगी उडायची. म्हणून बाहेरून माती आणून उंच वाफे करायचं ठरलं.

वाफ्यांची मापं मी मोठ्या माणसांच्या हिशेबाने, म्हणजे सव्वा मीटर रुंद काढली होती. बालवाडीच्या ताईंनी तिथेच एका मुलीला गुडघ्यावर बसवलं आणि हात लांब करायला सांगितलं. हात पुरला ४५ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंनी मिळून ९०. म्हणून रुंदी ९० सेंटिमीटर, लांबी २.४ मीटर, उंची ३०, असे सहा वाफे. मधल्या वाटा ६० सेंटिमीटरच्या, एक वाट पूर्ण मीटरची, कारण दुसरीतला एक मुलगा चाकाच्या खुर्चीतून येतो. त्याच्यासाठी एक वाफा टेबलाएवढा उंच हवा होता, तो मात्र दुसऱ्या वर्षी झाला. त्याची आई काही बोलली नाही, पण हे आधी सुचायला हवं होतं.

सहा वाफ्यांना माती जवळजवळ चार घनमीटर. मी, हिशेबाच्या कामातली, नेमकी चारच मागवली. पहिल्या महिन्यात पाणी पडल्यावर माती पाचवा हिस्सा खाली बसली आणि वाफे पोट खपाटीला गेल्यासारखे दिसायला लागले. एक घनमीटर जास्तीची धरा.

कडेच्या फळ्यांसाठी एका पालकांनी रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर फुकट देऊ केले. दिसायला भक्कम, देखणे. पण लाकूड कुजू नये म्हणून त्यांना क्रिओसोट नावाचं डांबरी तेल पाजलेलं असतं, आणि ते मुलांच्या हाताला किंवा भाजीच्या मातीला लागू नये. फुकट वस्तूला नाही म्हणणं हे या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे. देणाऱ्याचं मन मोडतं, आणि पैसे तर आपल्याकडे नसतातच. मी त्यांना म्हटलं, "दादा, स्लीपर नकोत, पण ते आणायला टेम्पो देणार होतात तो माती आणायला द्याल का?" दिला.

९ डिसेंबर, शनिवार. ग्रुपवर ६३ नावं होती, ४१ माणसं प्रत्यक्ष आली. घमेल्यांची साखळी लागली, आजोबांपासून बालवाडीपर्यंत. दुपारी दीडला सहाही वाफे भरले होते. मी घरी येऊन बुटांसकट झोपले.

पुढच्या शनिवारी १९ आले. मग ११. जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी आम्ही चौघं होतो, त्यातली एक माझी मुलगी.

राग आला होता. ग्रुपवर एक लांबलचक, टोचून लिहिलेला मेसेज टाइप केला आणि पाठवला नाही, हे त्या वर्षातलं माझं सगळ्यात शहाणपणाचं कृत्य. त्याऐवजी न येणाऱ्या आठ-दहा जणांना एकेक करून फोन केला. बहुतेकांचं उत्तर एकच : "येऊन काय करायचं तेच कळत नाही हो. उभं राहायला अवघडल्यासारखं होतं." एक बाबा म्हणाले, "मला वाकता येत नाही, पण वायरिंग, पाइप काय असेल ते सांगा." हे मला कधी विचारायचंच सुचलं नव्हतं.

मग दारातच एक जुना फळा टांगला. त्यावर त्या आठवड्याची फक्त तीन-चार कामं, प्रत्येकासमोर वेळ : 'वाफा २, मुळ्याची विरळणी, २० मिनिटं.' 'पाइपला गळती, अर्धा तास.' 'कंपोस्ट खालीवर करणे, दोघं, २५ मिनिटं.' काम झालं की खोडायचं आणि घरी जायचं. चाळीस मिनिटांपेक्षा मोठं काम फळ्यावर लिहायचंच नाही. दर आठवड्याला दोन घरांची पाळी. एक घर कधीच नाही, कारण एकटा माणूस दांडी मारतो, दुसऱ्याला शब्द दिलेला असला की येतो. माणसं ४१ झाली नाहीत, पण बारा-चौदा झाली आणि ती टिकली.

उत्साही माणसाचाही एक धोका असतो. एका काकांनी रविवारी पहाटे कोणाला न सांगता येऊन वाफा चार अगदी चकाचक निंदून काढला. तण म्हणून त्यांनी उपटलं ते गाजर होतं. गाजराची बी उगवायला दोन ते तीन आठवडे घेते आणि सुरुवातीची पानं गवतासारखीच दिसतात. मुलांनी सोळा दिवस वाट पाहिली होती. एक मुलगी रिकाम्या वाफ्यापाशी बसून रडली आणि काकांचा चेहरा बघवेना. तेव्हापासून गाजराच्या ओळीत थोडी मुळ्याची बी मिसळतो. मुळा चार-पाच दिवसांत वर येतो आणि ओळ कुठे आहे ते दाखवतो, गाजर मोठं होईपर्यंत मुळा काढून खाऊनही होतो. शिवाय प्रत्येक ओळीला पाटी. काका आता पाट्या रंगवतात.

कंपोस्टबद्दल एकच सांगते. वास यायला लागला की त्यात सुकं कमी पडलंय. आम्ही एक बादली ओला कचरा पडला की तीन बादल्या कोरडा पाला टाकतो. फळाचं साल आधी दिसलं नाही पाहिजे. उघडं दिसलं की माश्या आणि उंदीर. पाला मिळेल त्या दिवसांत पोती भरून ठेवा, नंतर नेमका मिळत नाही.

खताचा धडा महागात पडला. एका तबेल्यातून गाडीभर जुनं खत फुकट मिळालं. कच्चं नव्हतं, चांगलं कुजलेलं होतं. (कच्चं शेणखत असेल तर मातीला टेकणारी भाजी काढायच्या निदान चार महिने आधी घाला.) पण दोन वाफ्यांतल्या टोमॅटोची नवी पानं वळायला लागली, नेच्याच्या पानासारखी गुंडाळलेली, अरुंद. आम्ही रोग समजून आठवडे घालवले. शेवटी एका निवृत्त शेतीशिक्षकांनी पान उलटसुलट करून विचारलं, "खत कुठलं?" काही तणनाशकं गवतावर मारली की ती चाऱ्यातून जनावराच्या पोटात आणि तिथून शेणात तशीच उतरतात, कुजवूनही लवकर जात नाहीत. घेवडा आणि टोमॅटोला ती फार बाधतात.

त्यांनीच परीक्षा शिकवली. तीन कुंड्यांत संशयित खत मिसळलेली माती, तीन कुंड्यांत तीच माती त्या खताशिवाय, प्रत्येकीत घेवड्याचे तीन दाणे. तीन-चार आठवडे थांबायचं. मुलांनी रोज पानांची चित्रं काढली. विसाव्या दिवशी कोणाला काही समजावून सांगायची गरज उरली नाही : एका रांगेत हाताच्या पंजासारखी सपाट पानं, दुसऱ्या रांगेत मुठी आवळलेल्या. दोन्ही वाफ्यांतली माती उपसून काढली. आता कुठलंही खत या परीक्षेशिवाय आत येत नाही, देणारा कितीही जवळचा असो.

आणि मग मोठी सुट्टी लागली.

पाळ्या लावल्या होत्या, फळा लिहिला होता, सगळं चोख. सुट्टीच्या अकराव्या दिवशी मी बाहेरगावाहून परतले आणि सरळ बागेत गेले. घेवडा वाळून खडखडत होता. सूर्यफुलं मान टाकून उभी होती. कंपोस्टजवळचा पुदिना तेवढा हिरवा. पाळीवाली दोन्ही घरं ठरल्या दिवशी आली होती. पण नळाला कुलूप होतं, चावी कार्यालयाच्या कपाटात आणि कार्यालय सुट्टीत बंद. त्यांनी घरून दोन-दोन बादल्या आणून ओतल्या आणि हात टेकले. तेरा चौरस मीटरच्या वाफ्यांना साध्या दिवसांतही आठवड्याला सव्वातीनशे लिटर लागतं, दहा लिटरच्या बत्तीस-तेहतीस झाऱ्या. कडक उन्हात दुप्पट. दोन बादल्यांनी काय होणार?

मी त्या वाळलेल्या वाफ्याच्या कडेवर बसले आणि पहिल्यांदा वाटलं, सोडून द्यावं. दहा महिन्यांत परवानग्या, माती, खत, माणसं सगळं सोसलं आणि बाग मेली ती तीन बोटांएवढ्या चावीपायी. कोणाला बोल लावायचा? चावी कपाटात ठेवा असं परवानगीच्या कागदातच लिहिलं होतं आणि त्यावर सही माझी होती.

शाळा उघडल्यावर बाईंकडे गेले. मी माफी मागायच्या तयारीत, त्या मात्र नवा कागद घेऊन बसलेल्या. चाव्या तीन : एक कार्यालयात, एक रखवालदारमामांकडे, एक शेजारच्या गल्लीतल्या घरात. प्रत्येकीला नंबर, आणि वही. घेतली की तारीख, वेळ, सही. दिली की पुन्हा सही.

दुसऱ्या सुट्टीची तयारी आम्ही पेरणीपासूनच केली. सुट्टीआधी काढून होईल असंच लावलं : मुळा तीस दिवसांचा, पालक साधारण दीड महिन्याचा, झुडपी घेवडा दोन महिन्यांच्या आत. चार वाफे रिकामे करून त्यांवर सुक्या पाल्याचं चार बोटं जाड आच्छादन घातलं. जिवंत ठेवायचे वाफे दोनच. त्यांना वायरिंगवाल्या बाबांनी ठिबकची नळी आणि बॅटरीवर चालणारा टायमर बसवला, पण टायमरवर भरवसा टाकला नाही, कारण बॅटरीही सुट्टीवर जाते. गल्लीतल्या पाच घरांशी ठरवलं की सुट्टीत जो पाणी घालेल तो पिकलेलं तोडेल. वाटणी नाही, हिशेब नाही. शाळेतल्या काहींना हे पटलं नव्हतं. "मुलांनी लावलेलं दुसऱ्यांनी खायचं?" मुलांनाच विचारलं. एक मुलगा म्हणाला, "मग काय वाळू द्यायचं?"

खर्चाचं लोक विचारतात. रक्कम लिहीत नाही, भाव जागोजागी वेगळे असतात. प्रमाण सांगते, माझ्या वहीतून : शंभरातले साधारण चाळीस मातीला गेले, पंचवीस कुंपण आणि दाराला, पंधरा नळजोडणी-मीटरला, बारा फळ्यांना, सहा हत्यारांना. बियांना दोन. आम्ही वर्गणी मागताना मात्र बियांच्या पाकिटांचे फोटो टाकत होतो. लोकांनी बिया भरभरून दिल्या, माती कोणी दिली नाही. मुलांसाठी खेळण्यातली खुरपी घेऊ नका, पहिल्याच दिवशी वाकतात. छोट्या दांड्याची खरी घ्या आणि मोजून द्या, मोजून परत घ्या. दर वर्षी एकूण खर्चाच्या दहाएक टक्के रक्कम नुसती दुरुस्तीला लागते. पाइप, कडी, जाळी असलं काहीबाही. त्यासाठी वर्गणी मागायला फार लाज वाटते, म्हणून सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवा.

मुलगी आता या शाळेतून जाईल. फाइल मी दुसऱ्या एका आईकडे देते आहे : नकाशा, माती तपासणीचा कागद, पाळ्यांची यादी, कोणाला काय जमतं आणि कोणाला काय सांगू नये याचं एक पान. ते पान फाइलमध्ये लावलेलं नाही, हातात दिलंय.

काल चावीची वही चाळत होते. सुट्टीतल्या एका पानावर, सहीच्या रकान्यात, शेजारच्या विरोधवाल्या आजींच्या थरथरत्या अक्षरात लिहिलंय : 'पाणी घातले. ४ टोमॅटो नेले. जाळी फाटली आहे, डास होतील.'

जाळी आज बदलली. पट्टीच्या मुदतवाढीचा अर्ज २ तारखेला दिलाय. पोचपावती घेतली आहे.